दोन हजार वावांखालचं खडप

पहिला दिवस, मुरगाव

समुद्रावरच्या मोहिमेचा पहिला दिवस धक्क्यावर उकिडवं बसून जातो, हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं. मुरगाव बंदराच्या धक्क्यावर, जहाजाच्या अगदी बगलेला, पिवळ्या रंगानं एक फुली मारली होती. तिच्यावर जमिनीवर वापरायचं छोटं गुरुत्वमापक ठेवून सर आकडे वाचत होते आणि मी छत्री धरून उभी होते. छत्री उपकरणासाठी. सर उन्हातच.

जहाजावरचं गुरुत्वमापक गुरुत्वाकर्षणातला फक्त फरक सांगतं: इथल्यापेक्षा तिथं इतकं जास्त, कालच्यापेक्षा आज इतकं कमी. म्हणून निघण्याआधी त्याची गाठ खात्रीची किंमत ठाऊक असलेल्या जागेशी मारून घ्यावी लागते. शहरातल्या अशा एका जागेवरून ती किंमत धक्क्यावर आणायची, धक्का पाण्यापासून किती उंच आहे ते टेप सोडून मोजायचं, भरती-ओहोटीची वेळ लिहायची आणि परत आल्यावर हे सगळं पुन्हा करायचं. मधल्या दिवसांत उपकरणाचे आकडे आपसूक किती सरकले, ते तेव्हा कळतं. दुकानदार सकाळी गल्ला मोजून ठेवतो, तसंच हे.

मी मूळची चिपळूणकडची, कुंभार्ली घाटाच्या पायथ्याची. लहानपणी अंगणातून दिसायचा तो सह्याद्रीचा कडा, सुरीनं कापल्यासारखा. पलीकडे कराड-पाटणला जावं तर जमीन हळूहळू उतरत जाते. इकडून मात्र एकदम भिंत. आजोबांकडे याचं उत्तर तयार होतं. परशुरामानं बाण मारला, समुद्र मागे हटला आणि कोकण वर आलं. परशुरामाचं देऊळ तर गावाजवळच, त्यामुळे पुढे शंका काढायची सोय नव्हती. कॉलेजात गेल्यावर दुसरं उत्तर मिळालं. इथं खंड फाटला होता. सुमारे ८.८ कोटी वर्षांपूर्वी मादागास्कर सुटलं, ६.३ कोटी वर्षांच्या सुमारास सेशेल्स. पण आज दिसणारा कडा ही काही ती फाटलेली किनार नव्हे. कडा झिजत झिजत पूर्वेकडे सरकला आहे. खरी किनार समुद्राखाली, किनाऱ्यापासून शेकडो किलोमीटर पश्चिमेला आहे. मी आयुष्यभर पदराकडे बघत होते आणि काठ होता पाण्यात.

तिकडेच निघालो होतो, लक्ष्मी बेसिन आणि त्याच्या पश्चिमेची लक्ष्मी रिज. बेसिन म्हणजे समुद्रतळावरचा खोलगट भाग, रिज म्हणजे तिथली डोंगररांग, मात्र ही बरीचशी गाळात पुरलेली. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला नैनी आणि मानिक तलवानी यांनी भारताच्या पश्चिम किनाऱ्याबाहेरच्या रचनेवर लिहिलं, तेव्हापासून हे नाव संशोधनात रुळलं. अरबी समुद्रात लक्ष्मी सापडावी हे योग्यच. समुद्रमंथनातून आलेलीच ती.

संध्याकाळी सहाला जहाज बंदराबाहेर काढणारा पायलट चढला आणि दोर सुटले. डेकवरचा सारंग, म्हणजे खलाशांचा मुकादम, हर्णैचा निघाला, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेला. माझं गाव कळल्यावर त्यानं मला "बाय" म्हणायला सुरुवात केली, मी त्याला सारंगमामा.

"काय शोधताव गो तिकडं? तेल?"

"नाही मामा. जमीन कुठं संपते ते."

तो हसला. "त्याला एवढं जहाज कशाला? बंदरावर उभी ऱ्हा. दिसतंय."

दुसरा दिवस

माझा वॉच, म्हणजे कामाची पाळी, बारा ते चार, मध्यरात्री आणि दुपारी. पहिल्याच रात्री मामाच्या प्रश्नाला पडद्यावर उत्तर मिळालं.

गोव्यापुढे कितीतरी तास समुद्र उथळच असतो. पन्नास, सत्तर, नव्वद मीटर. ही खंडाचीच बुडालेली ओसरी. मुंबईसमोर ती तीनेकशे किलोमीटर रुंद आहे, गोव्यासमोर त्याच्या निम्म्याहूनही कमी. मध्यरात्र उलटून गेल्यावर मल्टिबीमच्या, म्हणजे आवाजानं खोली मोजणाऱ्या यंत्राच्या, पडद्यावरचे आकडे बिघडल्यासारखे पळायला लागले. दीडशे, तीनशे, सहाशे. पहाटे वॉच संपताना आम्ही हजार मीटर ओलांडले होते. बाहेर काळोख, लाटा त्याच, वारा तोच. बाहेरच्या कशावरूनही कळत नव्हतं की आम्ही नुकतेच घाटावरून खाली उतरलो.

मला मात्र वेगळ्या कारणासाठी काहीच कळत नव्हतं. समुद्र लागला होता. जानेवारीतला अरबी समुद्र म्हणजे तळ्यासारखा, असं सगळे सांगत होते. ते सांगणाऱ्यांच्या पोटांपुरतं खरं असावं. केबिनमध्ये माझ्यासोबत कोचीची एक इंजिनीअर होती. तिनं गोळी दिली, मामानं आलेपाक दिला, स्वयंपाक्यानं सुकी चपाती दिली. कशाचा गुण आला माहीत नाही, पण दुपारच्या वॉचला मी उभी होते. बादली शेजारी ठेवून.

तिसरा दिवस

पहाटे चारला जहाज थांबलं. खाली ३,६०० मीटर पाणी. समुद्राचा तळ आवाजानं मोजायचा तर आवाज पाण्यातून किती वेगानं जातो ते आधी माहीत हवं, आणि तो वेग खोलीबरोबर बदलतो. वर पाणी कोमट, २७-२८ अंश. तळाशी फ्रिजमधल्यापेक्षा थंड. त्यात खाली दाब वाढत जातो. वर सेकंदाला १,५४० मीटरच्या आसपास असलेला वेग खाली कमी कमी होत जातो आणि दीड-दोन हजार मीटरच्या दरम्यान सगळ्यात कमी होऊन पुन्हा वाढू लागतो. हे मोजायला तारेवर उपकरण सोडायचं, सेकंदाला एक मीटर या गतीनं. जायला तास, यायला तास.

उपकरणाच्या सांगाड्याला जाळीच्या पिशवीत थर्माकोलचे कप बांधून सोडायची जहाजांवर जुनी रीत आहे. मी भाच्याचं नाव रंगवून एक कप दिला. दोन तासांनी तो वर आला तेव्हा अंगठ्याएवढा झाला होता. नाव तेच, फक्त मुंगीच्या अक्षरात. हवेच्या साडेतीनशे पटींहून जास्त दाब म्हणजे काय, हे मी वर्गात शिकले होते. हातात तेव्हा आलं.

तोवर मागच्या डेकवर वेगळाच कार्यक्रम चालू होता. थांबलेल्या जहाजाच्या दिव्यांखाली पाणी हिरवं उजळतं आणि त्यात म्हाकूल येतात, बाणासारखे, जांभळट. खलाशांनी गळ टाकले होते. सकाळी नाष्ट्याला म्हाकलाचं सुकं. मी खाल्लं, आणि ते राहिलं. तिथून माझी खरी मोहीम सुरू झाली.

नाष्ट्यानंतर मल्टिबीम नीट लावायचं काम. जहाजाच्या पोटाखालून ध्वनीचे शेकडो झोत पंख्यासारखे दोन्ही बाजूंना जातात, तळावर आपटून परत येतात आणि एका फेरीत कित्येक किलोमीटर रुंद पट्ट्याचा नकाशा तयार होतो. ध्वनीचा वेग चुकीचा भरला तर सपाट तळही कडांनी वर उचललेला दिसतो, तव्यावरच्या पापडासारखा. आमचा पापड आधी वर वळला, दुरुस्ती जास्त झाली तेव्हा खाली वळला आणि दुपारी एकदाचा सपाट पडला.

चौथा दिवस

चुंबकत्वमापक पाण्यात. टॉर्पेडोसारखा दिसणारा संवेदक, जहाजामागे तीनेकशे मीटर केबलवर. इतक्या लांब सोडायचं कारण म्हणजे जहाज लोखंडाचं, आणि आम्हाला पृथ्वीचं चुंबकत्व मोजायचं होतं, जहाजाचं नव्हे.

पडद्यावर दर सेकंदाला एक आकडा. बेचाळीस हजार अमुक नॅनोटेस्ला. त्यातले बेचाळीस हजार आमच्या कामाचे नाहीत, ते पृथ्वीच्या गाभ्याचे. तळाखालचे खडक त्यात शंभर-दोनशेची भर घालतात किंवा वजाबाकी करतात. तेवढंच आमचं. शिवाय सूर्यामुळे हे क्षेत्र दिवसभरात पन्नासेक नॅनोटेस्लानं वरखाली होत राहतं. ती लाट काढून टाकायला किनाऱ्यावर एक स्थिर घड्याळ लागतं, म्हणजे एका जागी बसून हेच क्षेत्र मोजणारी वेधशाळा. ते आहे अलिबागला.

हे मला फार आवडतं, म्हणून थोडं विषयांतर. मुंबईत कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१ पासून चुंबकीय नोंदी होत होत्या. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईत विजेच्या ट्राम येणार असं ठरलं. विजेच्या प्रवाहानं चुंबकसुया बिघडणार, म्हणून १९०४ मध्ये हे काम अलिबागला हललं. खोल्या पोरबंदरच्या दगडात बांधल्या, कारण आपला काळा कातळ स्वतःच चुंबकीय; त्याची भिंत म्हणजे घड्याळाशेजारी दुसरं घड्याळ. ट्राम कधीच इतिहासजमा झाल्या. अलिबागच्या नोंदी चालू आहेत, आणि शेकडो किलोमीटर दूर समुद्रात आम्ही मिळवलेली ओळ अलिबागचा आकडा वजा केल्याशिवाय पुरी होत नाही. सुट्टीत अलिबागला जाऊन किल्ला आणि भजी करून येणाऱ्यांनी हे एकदा लक्षात घ्यावं.

रात्रीच्या वॉचला कोचीच्या मैत्रिणीनं विचारलं, खडकात चुंबकत्व राहतं कसं? मग चहावर चहा झाला. लाव्हा थंड होताना त्यातल्या लोहखनिजांवर त्या वेळच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा गोठते. आणि पृथ्वीचे ध्रुव मधूनमधून उलटे होतात. शेवटची मोठी उलटापालट ७.८ लाख वर्षांपूर्वीची. आता समुद्राच्या मधोमध भेग आहे, तिच्यातून लाव्हा सतत वर येतोय आणि दोन्ही बाजूंना सरकतोय असं समजा. तर तळावर सुलट-उलट-सुलट असे पट्टे उमटणार, भेगेच्या दोन्ही अंगांना सारखे. लुगड्याच्या दोन काठांसारखे.

ही कल्पना फ्रेड वाइन आणि ड्रमंड मॅथ्यूज यांनी सप्टेंबर १९६३ मध्ये 'नेचर'मध्ये मांडली. समुद्रतळ पसरतो हे मान्य व्हायला त्या छोट्या लेखाचा मोठा हातभार लागला. भूगोलाच्या पुस्तकात याचं चित्र बहुधा अटलांटिकचं असतं. त्यांनी वापरलेलं सर्वेक्षण मात्र अरबी समुद्रातलं! नोव्हेंबर १९६२ मध्ये 'ओवेन' या ब्रिटिश जहाजानं कार्ल्सबर्ग रिजच्या एका तुकड्यावर रेघा मारल्या होत्या, त्यांचं ते फळ. आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहीम तेव्हा चालू होती. गोव्यातली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थाही तिच्यातूनच १९६६ मध्ये जन्मली. कॅनडातल्या लॉरेन्स मॉर्ली यांनी हीच कल्पना त्याच वर्षी लिहून पाठवली होती, पण ती छापायला नकार मिळाला. ते ऐकून माझी मैत्रीण बराच वेळ गप्प बसली. तिचा स्वतःचा एक लेख तेव्हा परीक्षकांकडे पडून होता.

आणि हो, कार्ल्सबर्ग म्हणजे तीच बिअर. १९२८ ते १९३० च्या डॅनिश 'डाना' मोहिमेला त्या कंपनीच्या प्रतिष्ठाननं पैसा दिला, म्हणून समुद्राच्या पोटातल्या डोंगराला ते नाव. आमच्या जहाजावर मात्र कडक दारूबंदी.

पाचवा दिवस

ओळी. उत्तरेकडे एक, दक्षिणेकडे एक. पोहे. पुन्हा ओळी. शेतात नांगर धरलेल्या बैलाला काय वाटत असेल याची कल्पना आली.

संध्याकाळी मात्र एक समुद्री डोंगर. या बेसिनच्या मधोमध तीन मोठे उंचवटे रांगेत आहेत. रामन, पणिक्कर आणि वाडिया. पहिलं नाव भौतिकशास्त्रज्ञाचं, दुसरं राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या पहिल्या संचालकांचं, तिसरं भूवैज्ञानिकाचं. वाडियाचा माथा सपाट, म्हणून त्याला नुसता समुद्री डोंगर न म्हणता 'गियो' म्हणतात. सपाट माथा म्हणजे कधीकाळी त्याचं डोकं पाण्यावर होतं, लाटांनी ते कापलं आणि मग तो बुडाला. मामाला बोलावून दाखवलं. पडद्यावर निळ्यातून हिरवा, हिरव्यातून पिवळा होत तो वर येत होता.

"किती खोल ह्ये?"

मी वावांत हिशेब केला. आमच्याकडचे मच्छीमार अजूनही खोली वावांत सांगतात, एक वाव म्हणजे साधारण सहा फूट. "आजूबाजूचा तळ दोन हजार वाव."

"दोन हजार!" तो जरा वेळ बघत राहिला. "म्हंजे खडपच की. फक्त खोल."

बरोबर. खडप म्हणजे पाण्याखालचा खडक. याहून सोपी व्याख्या आमच्या कुठल्या पुस्तकात नाही.

सहावा दिवस

पहाटे तीन वाजता चुंबकत्वमापकाचे आकडे वेड्यासारखे नाचायला लागले. आधी मला वाटलं, काहीतरी शोध लागला. अशा वेळी शोध लागलेला नसतो, हे आता मला कळतं.

केबल ओढून घेतली तर संवेदकाला मासेमारीच्या दोरीचा भला थोरला गुंता. कुणाची तरी तुटलेली, कधीपासून वाहत आलेली लांब गळदोरी. त्यात काटे, प्लास्टिकचे तरंगते गोळे, शिंपल्यांनी भरलेले दोर आणि मधोमध एक जिवंत खेकडा, जो डेकवर उतरून निघून गेला. केबलचं आवरण फाटलं होतं. मामा आणि दोन खलाशी सुऱ्या घेऊन बसले. राखीव संवेदक जोडेपर्यंत नऊ तास गेले. सर रागावले नाहीत. त्यांनी लॉगशीटवर फक्त "मासेमारी साहित्य" एवढंच लिहिलं आणि झोपायला गेले. मला मात्र दिवसभर असं वाटत राहिलं की माझ्या वॉचला झालं म्हणून माझंच चुकलं.

सातवा आणि आठवा दिवस

आता आवाजाचं काम. पृष्ठभागाखाली काही मीटरवर हवेच्या बंदुका. २,००० पीएसआय दाबाची हवा एका झटक्यात पाण्यात सोडायची, तिचा हादरा तळाखालच्या थरांत शिरतो आणि प्रत्येक थरावरून थोडा थोडा परततो. तो परतलेला आवाज ऐकायला जहाजामागे लांबलचक केबल, तिच्यात ओळीनं बसवलेले पाण्यातले मायक्रोफोन, शेवटी दिवा लावलेला तरंगता बोया. वेग पाच नॉट, म्हणजे सायकलपेक्षाही कमी. वळण घ्यायचं तर तास-तास लागतो.

सुरू करण्याआधी अर्धा तास दुर्बिणी घेऊन आजूबाजूला देवमासे किंवा डॉल्फिन दिसतात का ते पाहायचं, मग एकदम पूर्ण जोर न लावता हळूहळू वाढवत न्यायचं. पहिल्याच दिवशी गिरक्या मारणाऱ्या डॉल्फिनचा मोठा कळप आला. सगळे कॅमेरे घेऊन बाहेर, आणि बंदुकांचं वेळापत्रक तासभर पुढे. याबद्दल कुणाचीच तक्रार नव्हती.

मग धप. दर वीस सेकंदांनी धप. माझी केबिन मागच्या बाजूला, त्यामुळे उशीतून यायचा. पहिल्या रात्री झोप लागली नाही. दुसऱ्या रात्री बंदुकांची देखभाल म्हणून दहा मिनिटं बंद झाल्या, तर मी दचकून उठले.

नववा दिवस

आज पहिली ओळ कच्ची का होईना, चित्र म्हणून समोर आली. आवाजाच्या प्रवासाचा वेळ वरून खाली, जहाजाचा मार्ग डावीकडून उजवीकडे. पाण्याचा तळ ४.८ सेकंदांवर, एक काळी ठळक रेघ. ३,६०० मीटर जायचे आणि तेवढेच यायचे, त्याचा हा वेळ. त्याखाली गाळाचे थर, वहीच्या पानांसारखे, एकावर एक सरळ. हा गाळ सिंधू नदीनं आणलेला, म्हणजे बराचसा हिमालय आणि काराकोरम. बंगालच्या उपसागरातल्या गाळाच्या पंख्यानंतर जगातला सगळ्यात मोठा पंखा हाच.

आणि मग पानांच्या मधोमध चुरगळा. वर रेघा सरळ, खाली रेघा सरळ, मधे सगळा काला. कुठे करडं धुकं, कुठे वाकडेतिकडे तुकडे, कुठे एखादा उलटा पडलेला ठोकळा. कुणीतरी वहीतली मधली शंभर पानं फाडून, चोळामोळा करून परत घातली आहेत असं.

याला नटराज स्लाइड म्हणतात. सुमारे १.१ कोटी वर्षांपूर्वी भारताच्या पश्चिमेकडच्या समुद्रउताराचा एक प्रचंड तुकडा सुटला आणि या बेसिनमध्ये येऊन पडला. खंडांच्या शांत मानलेल्या किनाऱ्यांवर माहीत असलेल्या सर्वांत मोठ्या दरडींमध्ये त्याची गणना होते. घनफळ अंदाजे १९,००० घन किलोमीटर. मी वहीत हिशेब केला. कोयनेचं धरण काठोकाठ भरलं तर त्यात २.८ घन किलोमीटर पाणी मावतं. म्हणजे जवळपास ६,८०० कोयना. किंवा संपूर्ण महाराष्ट्रावर सरसकट साठ मीटर जाडीचा थर. पावसाळ्यात घाटात दरड कोसळली की आमच्याकडे दोन दिवस एसटी बंद असते.

२०१५ च्या एप्रिल-मेमध्ये 'जॉइडेस रेझोल्यूशन' या वेधन जहाजानं इथं दोन ठिकाणी भोकं पाडली, समुद्रतळाखाली अकराशे मीटरपर्यंत. पीटर क्लिफ्ट आणि धनंजय पांडे त्या मोहिमेचे संयुक्त प्रमुख होते. भोकांतून काढलेल्या दगड-गाळाच्या लांब कांड्यांत या चुरगळलेल्या थराचे शेकडो मीटर सापडले. त्यात उथळ समुद्रात तयार झालेल्या चुनखडीचे तुकडे होते. उथळ पाण्यातला दगड साडेतीन किलोमीटर खोल कसा गेला, याला पडण्याखेरीज दुसरं उत्तर नाही. दुसऱ्या भोकात तर गाळ संपून खाली काळा बेसाल्ट लागला.

मला वाटलं होतं, चित्र बघून मी काही बोलेन. सरांनीच विचारलं, "काय दिसतंय?" मी म्हटलं, "दरड." ते म्हणाले, "हां, ती सगळ्यांना दिसते. तिच्याखाली बघ."

खाली, चित्राच्या अगदी तळाशी, पुसट रेघांचा एक गठ्ठा होता. सरळ नव्हत्या. एका बाजूला कललेल्या, पंख्यासारख्या जाड होत गेलेल्या. खंड फाटताना वाहिलेले लाव्हाचे थर असे कलतात. पनवेलच्या बाजूला डोंगरात हेच दिसतं. देशावर आडवे, ताटासारखे असलेले बेसाल्टचे थर तिथं एकाएकी पश्चिमेला वाकतात. तिथला वाक आणि हा कल एकाच घटनेचे, असं म्हणायची माझी प्राज्ञा नाही. पण एकाच फाटण्याच्या गोष्टीतली ही दोन पानं आहेत, इतकं म्हणायला हरकत नसावी. रात्री वॉच संपल्यावरही मी अर्धा तास तिथंच बसून राहिले. धप चालूच होतं.

दहावा आणि अकरावा दिवस

केबल गोळा केली, बंदुका बंद. चुंबकत्वमापक पुन्हा पाण्यात, वेग नऊ-दहा नॉट. बेसिन ओलांडून पश्चिमेला लक्ष्मी रिजवरून आडवी एक लांब ओळ.

गुरुत्वमापकाबद्दल इतके दिवस मी काही लिहिलं नाही, कारण ते एका खोलीत, जहाज कितीही डोललं तरी स्वतः सरळ राहणाऱ्या चौथऱ्यावर, मुकाट चालू होतं. त्याचं एकक मिलिगॅल, गुरुत्वाकर्षणाच्या साधारण दहा लाखाव्या भागाइतकं. आणि त्याची एक गंमत आहे. जहाज पूर्वेला निघालं की पृथ्वीच्या फिरण्यात आपली गती मिळते आणि सगळं किंचित हलकं होतं. पश्चिमेला निघालं की जड. या अक्षांशावर दहा नॉटनं पूर्वेला जाताना हा फरक सत्तर मिलिगॅलच्या वर जातो. साठ किलोच्या माणसाचं वजन चारेक ग्रॅमनं कमी. स्वयंपाक्यानं विचारलं, वजन कमी करायला पूर्वेकडे किती दिवस जावं लागेल?

चेष्टा बाजूला. आम्ही शोधत होतो तो फरक याहून लहान होता. म्हणून कप्तानाला विनंती केली होती की वेग आणि दिशा अजिबात हलवू नका, समोर देवमासा आला तरच हलवा.

दहाव्या दिवशी रात्री दोनच्या सुमारास तळ हळूहळू वर यायला लागला. ३,६०० वरून कमी कमी होत २,८०० कडे. खाली डोंगर आहे. डोंगर म्हणजे दगड, पाण्यापेक्षा जड; जास्त दगड, जास्त ओढ. गुरुत्वाची रेघ वर जायला हवी. ती खाली जात होती.

आधी मी वेग तपासला. मग दिशा. मग उपकरणाचं तापमान. सगळं ठीक. तळ चढतोय आणि गुरुत्व उतरतंय. चाळीसच्या आसपास मिलिगॅलनं खाली जाऊन रेघ तिथंच रेंगाळली. हे असं होणार हे मी दहा लेखांत वाचलं होतं. लक्ष्मी रिजची ही खोड चाळीसेक वर्षांपासून ठाऊक आहे. तरीही अंगावर काटा आला. वाचलेलं आणि रात्री अडीचला आपल्या समोर रेघ खाली उतरताना पाहिलेलं, यात फरक आहे.

अर्थ असा लावतात की या डोंगराला खाली खोलवर मूळ आहे, आणि ते मूळ आजूबाजूच्या खडकापेक्षा हलकं. समुद्रतळाचं कवच पातळ आणि जड असतं, खंडाचं जाड आणि हलकं. म्हणजे हा समुद्राचा डोंगर नसून फाटताना मधेच राहिलेला खंडाचा कपचा असावा. ना भारताबरोबर राहिला, ना सेशेल्सबरोबर गेला. लाकूड फोडताना कुऱ्हाड मधे अडकली की दोन ओंडक्यांच्या मधे एक ढलपी लोंबत राहते, तशी ही ढलपी. बहुतेकांचं मत तिकडे झुकतं.

खरा वाद ढलपीच्या पूर्वेकडच्या बेसिनचा. १९९४ मध्ये राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी तिथल्या चुंबकीय पट्ट्यांवरून दाखवलं की सेशेल्स सुटण्याआधीच इथं समुद्रतळ पसरू लागला होता आणि मग ते बंद पडलं. म्हणजे लक्ष्मी बेसिन हा जन्मून लगेच मेलेला समुद्र. दुसरी बाजू म्हणते, पट्टे वगैरे काही नाही. खंडच ताणून ताणून पातळ झालाय आणि त्यात लाव्हा घुसलाय. माझा कल पहिल्या बाजूला आहे आणि सरांचा दुसऱ्या. त्यामुळे आमच्या चहाच्या वेळा बऱ्यापैकी लांबतात. या ओळींनी मी जिंकेन अशी मला आशा आहे, आणि सरांनाही तीच आशा आहे, त्यांच्या बाजूनं.

बारावा दिवस

परतीची वाट. उडते मासे डेकवर येऊन पडत होते. एक समुद्रपक्षी पुढच्या डोलकाठीवर दिवसभर फुकट बसून आला. मी झोपले.

तेरावा दिवस, मुरगाव

पहाटे पुन्हा तो उतार, आता उलटा. हजार, सहाशे, तीनशे, शंभर. या वेळी पोटात काही झालं नाही. मग क्षितिजावर आधी धूसर पट्टा, नंतर बंदराच्या क्रेन.

जहाज धक्क्याला लागताच सर आणि मी छत्री घेऊन पिवळ्या फुलीकडे. जमीन डोलत होती, म्हणजे मी. पुन्हा टेप सोडली, भरतीची वेळ लिहिली, दोन्ही उपकरणांचे आकडे घेतले. ताळा लावला. उपकरण दीड मिलिगॅलच्या आत सरकलं होतं. सर "बरं" म्हणाले. तेरा दिवसांतलं त्यांचं हे सगळ्यात मोठं कौतुक.

मामा दोर बांधून आला. हातात माझा अंगठ्याएवढा थर्माकोलचा कप, मी तो मेसमध्ये विसरले होते. फुलीशेजारी तोही उकिडवा बसला.

"काय गो, सापडली का जमीन संपते ती जागा?"

मी त्याला वहीत काढून दाखवलं. हा सह्याद्री, ही ओसरी, हा उतार, हे भांडण चाललेलं बेसिन, आणि पलीकडे हे खडप, हलक्या मुळाचं.

त्यानं बराच वेळ चित्र पाहिलं. मग बोट त्या शेवटच्या उंचवट्यावर ठेवलं.

"मंग ह्ये खडप आपलं, की त्यांचं? त्या पल्याडच्या बेटवाल्यांचं?"

मी सरांकडे पाहिलं. सर टेप गुंडाळत होते.

"त्यावरच चाललंय मामा," मी म्हटलं. "वाटणी झाली तेव्हा सातबारा कुणी केला नाही."